खटक्याचा की आकड्यांचा

कूसिस्तोच्या हार्डवेअर दुकानात
बर्फाची फावडी आणि उंदरांचे सापळे यांच्या मधल्या फळीवर
दोन स्लो कुकर, शेजारी शेजारी.
मी अर्धा तास उभा आहे,
डाव्या गुडघ्यावर भार न टाकता.

एक आकड्यांचा. काळी काच, निळे अंक.
आठ तास म्हणालात की आठच तास,
मग आपणहून नुसत्या उबेवर उतरतो
आणि तुमची वाट बघत बसतो.
एकोणसाठ डॉलर.

दुसरा खटक्याचा. बंद, मंद, जोरात, ऊब.
चार शब्द, पिळायला एक कान.
चोवीस डॉलर, आणि झाकणाची मूठ जरा सैल.

एकतीस वर्षं मी गोदीवर बोटींत लोहखनिज ओतलं,
हजारो टनांचा हिशेब चुकला नाही कधी.
आता घरी बसलोय,
आणि चार क्वार्ट की सहा, यावर अडलोय.
लांबट भांड्यात अख्खी कोंबडी पाय पसरून झोपते,
गोल भांड्यात तिला गुडघे पोटाशी घ्यावे लागतात.
(कोंबडीचं दुखणं मला कळतं.)
पण मोठं भांडं अर्धंच भरलं तर कडांना करपतं,
असं बेट्टे म्हणते.
बेट्टे माझी मेहुणी. तिचा नारिंगी कुकर
तिच्या लग्नाइतका जुना, आणि लग्नासारखाच:
आतलं भांडं बाहेर निघत नाही,
धुवायचं तर सगळंच उचलून तिरकं धरायचं.
तरी तो कुणाला द्यायचा म्हटलं की गप्प होते.
"नवे फार तापट," म्हणते. "लगेच उकळतात.
जुने आधी विचार करायचे."

मार्लिस रात्री नांगर चालवते.
शेतातला नव्हे, रस्त्यावरचा; बर्फ बाजूला सारणारा.
सरोवरावरून वारा सुटला की तिच्या परतण्याला वेळ नसते.
चार म्हणाली तर सात.
सात म्हणाली तर मी खिडकीत.
गेल्या हिवाळ्यात ती गार बीन्स
डब्यातूनच खायची, चमच्याने, उभ्याने,
बूट न काढता.
मी आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन
चमचा पत्र्याला लागलेला ऐकायचो.
मला तेव्हा अंडंही उकडता येत नव्हतं.
ही सबब नव्हे, हकिकत.

"वीज जाते ना तुमच्याकडे?" कूसिस्तोने विचारलं.
"वादळात जातेच."
"मग आकड्यांचा सगळं विसरतो. वीज आली
की बारा वाजलेले दाखवत नुसता लुकलुकतो.
खटक्याचा पुन्हा लागतो कामाला, काही झालंच नाही असा."

मी पाकीट काढलं.
तेव्हा तोच म्हणाला, जरा हळू,
"पण मधे किती वेळ थंड पडला होता
ते तो सांगणार नाही हं. आमटीला वासही येत नाही लगेच.
कुणीतरी जागं असावं लागतं."

जागं असायला मी आहे, म्हटलं.
चोवीस डॉलर मोजले.
आणि किल्लीचं एक घड्याळ, सात डॉलरचं.

आज बार्ली, गोमांस, दोन सलगम.
दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
दोन बावीसला आली. पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवलंय.
झाकण उचलायचं नाही;
एकदा उचललं की अर्ध्या तासाची ऊब उडते.
काचेवर वाफ, वाफेतून ओघळणारा एक थेंब,
आत काय चाललंय ते दिसत नाही, फक्त
मधूनमधून सैल मूठ किणकिणते.
शिजेपर्यंत दम धरवतो म्हणतात, निवेपर्यंत धरवत नाही.
माझ्यापुढे आज निवण्याचा प्रश्नच नाही.
शिजून दोन तास झालेत.

सहा चाळीस. पात्याची खरवड,
आधी लांब, मग गल्लीत.
मी सोंग न घेता टेबलाशी बसलोय.

तिने एक बूट काढला.
हवेत नाक उचललं.
दुसऱ्या बुटासाठी खुर्ची ओढून घेतली.