चौरागडची तयारी

घरी एवढंच सांगितलं होतं,
चौरागडच्या पायऱ्या तेराशेच्या वर आहेत,
गुडघ्यांना सवय हवी.
म्हणून डिसेंबरचे चार रविवार आमच्या नावावर झाले,
गावाबाहेरचा पडीक प्लॉट होतो तसे,
दुसऱ्या कोणी मागितले नव्हते म्हणून.

"काहून बाप्पा, इतक्या थंडीत?"
सासूबाई दुलईतून.
"वामन, मफलर घेतला का?"
बावन्न वर्षांच्या वामननं घेतला नव्हता.
स्कूटर लावून परत आत गेला,
गळ्यात गुंडाळून आला, शाळकरी तोंड करून.

पहिला रविवार सेमिनरी हिल्सचा.
सहा वाजता अंधार, आठ अंश.
मी मागं बसून त्याच्या जॅकेटच्या खिशांत हात घातले
तर आत औषधाचं बिल, अर्धी सुपारी
आणि एक चावी, कशाची ते दोघांनाही आठवेना.
चढावर बोललो नाही.
धाप लागली होती, कारण पुरेसं होतं.
वर बाकावर बसल्यावरही
जरा वेळ धाप लागल्यासारखं केलं.
मग तो म्हणाला,
थंडीत तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो.
सत्तावीस वर्षांत त्याला आज दिसला
की आज सांगावासा वाटला,
मी विचारलं नाही.

दुसऱ्या रविवारी तर्री-पोहे.
हे घरी सांगण्यातलं नव्हतं.
अधिवेशन चालू, चौकाचौकांत बॅरिकेड,
दूरच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेला हवालदार
शेकोटीवर आधी तळहात, मग पाठ शेकत होता.
तर्रीचा पहिला घोट आणि वामनला ठसका.
मी पाठीवर थापटलं,
ठसका थांबला तरी हात काढायचा राहून गेला.
पोहेवाला म्हणाला, "अजून टाकू का तर्री?"
टाक म्हटलं.

तिसरा रविवार यादीत गेला.
दीर आले, शालू वहिनी आल्या,
सतरा सीटची गाडी कागदावर काढली.
वामन पुढं, ड्रायव्हरजवळ, त्याला रस्ते माहीत म्हणून.
मी पार मागं, सासूबाईंजवळ,
आवळासुपारी आणि उलटीच्या पिशव्या घेऊन.
खोल्या तीन. बायकांची, पुरुषांची,
तिसरी पोरांची, तिथं कोणी झोपणार नव्हतंच.
यादी बरोबर होती.
माझ्याकडं दिली असती तर मीही अशीच केली असती.
चहाचे कप उचलताना वामन हळूच म्हणाला,
रामटेक राहिलंय.

रामटेकला खऱ्याच पायऱ्या चढलो.
त्यानं मोजल्या, मी मोजल्या,
एकोणीसचा फरक आला.
कोणाचा आकडा चुकला यावर खाली तळं दिसेपर्यंत भांडलो,
इतकं मोकळं भांडण
घरात कधी करायला मिळत नाही.
ऊन आलं तसा त्यानं मफलर काढून कठड्यावर ठेवला.
वानर आलं, उचललं,
आधी वास घेतला, मग देवळाच्या शिखरावर जाऊन बसलं,
आमच्या सासूबाईंच्या हातच्या विणीचे धागे
एकेक करून उसवत.
वामन आधी ओरडला.
मग असा हसला की
पलीकडची नारळवाली उठून बघायला आली.

परतताना कन्हानच्या पुलावर गाडी थांबवली,
घरी काय सांगायचं ते ठरवायला.
हरवला म्हणावं तर शोधायला लावतील.
फाटला म्हणावं तर, दाखव.
धुक्यातून एक मालगाडी गेली, मोठी होती.
डबे संपले तरी काही ठरलं नव्हतं.

सौंसर सोडलं आणि मागच्या सीटवरून,
माझ्या खांद्याला खांदा लावून,
सासूबाई ओरडल्या,
"वामन, मफलर कुठी हाय रे?"
गाडीत सगळे गप्प.
पुढून त्याचं टक्कल वळलं नाही.
"रामटेकला दिला एकाला," तो म्हणाला,
"लय थंडी वाजून राहिली होती त्याले."
"मोठ्या मनाचा हाय माझा वामन,"
सासूबाई मला म्हणाल्या.
मी खाली वाकून संत्रं सोलायला घेतलं.
एक फोड पुढं पाठवली,
सात हातांतून गेली.
पोचली का, ते नीट दिसलं नाही,
पण आरशात थोड्या वेळानं
कोणाचा तरी गाल हलत होता.