कुड्याचं लेबल

खासगीवाले सरांनी बजावलं होतं,
फांदी, फूल, शेंग, जमलं तर एकाच झाडाची.
चोरलच्या उतारावर कात्री लावली
तर बोटांवर दूध. चिकट, पांढरं,
रुमालानंही न जाणारं.

रेमलीबाई मोळी टेकवून बघत होती.
"किती दिस झाले पोट लागून?"
पोट नाही, म्हटलं, कॉलेज.
ती इतकी हसली की मोळी कलंडली.

मग ओटी उघडून दाखवली, फुलांनी भरलेली.
उकळायची, पिळायची, पाणी फेकायचं,
कांदा, लाल मिरची, मूठभर बेसन.
कडू राहतंच थोडं,
राहू द्यायचं, तेच कामाचं.
आणि साल हवी तर
उगवतीच्या अंगानं एकच पट्टी, चार बोटं रुंद.
गोल सोललीस तर तुझी हगवण थांबेल
आणि झाडाचं पाणीपण.

रामबागेतल्या खोलीत
हिंदी पेपरच्या घड्यांत फांदी दाबली,
वर पाटा, पाट्यावर गव्हाचा डबा.
लेबलावर रकाने:
स्थळ, तारीख, उंची, गोळा करणारी.
चवीचा रकाना नव्हता.

रेमलीबाईनं दिलेली ओंजळभर फुलं
दोनदा पिळूनही कडूच लागली.
देवासची माधुरी एका घासात उठली.
मी तव्यापर्यंत पुसून खाल्लं,
तसंच लेबल लिहायला बसले.

सर म्हणाले, हळदीचं बोट उमटलंय, नवीन कर.
केलं.
जुनं अजून वहीत आहे.