खुडणी

पहाटे पाचला ट्रक चर्चच्या कोपऱ्यावर थांबायचा
आणि आई मागे चढायची, सोळा वर्षांची,
बापाचा लांब बाह्यांचा शर्ट, मानेला रुमाल,
कारण मक्याचं ओलं पान ब्लेडसारखं कापतं.
सांगमन नदीच्या काठी चार ओळी मादीच्या, एक नराची.
मादीच्या प्रत्येक ताटाचा तुरा हातानं उपसायचा,
पूड उडायच्या आत.
ओढ, टाक, पुढे.
ओढ, टाक, पुढे.
एक तुरा राहिला तरी बियाणं बाटलं,
ट्रॅक्टरवरून मिसेस क्लिंगमन ओरडायच्या.

मग असं वाण आलं
ज्याचा तुरा जन्मतःच मुका.
मूळ टेक्सासचं. पेशीच्या केंद्रकात सगळं ठीक,
दोष बाहेर, मायटोकॉन्ड्रियात:
जुन्या जनुकांच्या चिंध्या जुळवून
कुणीही न शिवता शिवलं गेलेलं एक ठिगळ.
परागाला भरवणाऱ्या पेशींच्या चुली
ऐन जेवणाच्या वेळी विझायच्या.
बाकी ताट हिरवंगार,
शेजारच्या परागावर कणीस भरदार.
आणि हे आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला,
बापाला यात विचारतं कोण!
(बापाकडून कधी एखादा जनुक येतो
जो ठिगळ झाकतो, तुरा पुन्हा सांडू लागतो.
तो वेगळा हिशेब.)

ट्रक यायचा बंद झाला.
तोवर आईचं लग्न झालेलं.
बाबा दारोदार तेच बियाणं विकायचे, पोत्यामागे कमिशन.
त्या वर्षी देशातल्या शंभर ताटांतली ऐंशीहून जास्त
एकाच आईची लेकरं होती.
हे तेव्हा कुणाला भीतीदायक वाटलं नाही.
एकसारख्या ओळी दिसतातच सुंदर.

एकोणीसशे सत्तर. मी बारा वर्षांची.
करपा दक्षिणेकडून वाऱ्यावर आला.

एरवी रोग पानात शिरला
तर याच मायटोकॉन्ड्रिया हाकाटी करतात,
आसपासच्या मूठभर पेशी आपणहून मरतात,
वणव्यापुढे पट्टा जाळून ठेवावा तशा,
आणि पानावर तिळाएवढा डाग उरतो, बस.
ही बुरशी मात्र मेलेल्यावरच जगणारी.
तिच्या विषाला नेमकी ठिगळाची शिवण सापडली.
आतल्या पडद्याला भोक पडलं,
साठवलेलं सगळं गळून गेलं,
चुलीच राहिल्या नाहीत.
वांझपण देणारी जागा
आणि मरण आत घेणारी जागा
एकच होती.

एमिल फ्राउनफेल्डर आमच्या ओसरीवर आला,
ओरडला नाही.
टेबलावर एक पान ठेवलं, जळक्या कागदासारखं.
बाबा म्हणाले, मला माहीत नव्हतं.
खरं होतं.
एमिल म्हणाला, ते मला ठाऊक आहे.
तेही खरं होतं.
कॉफीला कुणी हात लावला नाही.
गॅरेजमधल्या रिकाम्या पोत्यांवर छापलेलं
हसरं कणीस मी काळ्या खडूनं खोडलं,
त्यासाठी मार खाल्ला.

पुढच्या जूनमध्ये फोन वाजला:
हात हवेत, असतील तेवढे.
आई एकोणचाळीस वर्षांची. तोच शर्ट काढला,
एक माझ्या अंगात घातला.
पहिल्या दिवशी माझे तळवे सोलले,
तिनं मागे वळून पाहिलं नाही, तिची ओळ पुढे होती.

पुढे अर्बानाच्या प्रयोगशाळेत
मी त्या पानाच्या पेशींची छायाचित्रं काढली.
फुगलेले, आतल्या घड्या विस्कटलेले कण,
जणू कुणी घर रिकामं करून
पडदे तसेच सोडून गेलंय.
डॉक्टर व्हिटाकर म्हणायचे, मायटोकॉन्ड्रियाला हेतू नसतो.
पटतं. तरी त्या रात्री झोप आली नाही.
माझ्या पेशींतल्या चुलीही तिच्याच घरच्या,
आणि मला मूलबाळ नाही.

आता आई वृद्धाश्रमात. माझं नाव विसरली.
झोपेत कधी तिचा उजवा हात
डोक्याच्या वर जातो, हवेत काहीतरी पकडतो,
झटक्यात ओढतो, बाजूला टाकतो.
नर्स विचारते, यांना काही हवंय का?
मी म्हणते, नाही.
ओळ संपायची आहे.