खूण

रात्री अडीचला आबा आणि मी, दोघंही उठतो.
तो होडीसाठी, मी पाळीसाठी.
डोंगल खिडकीच्या तिसऱ्या गजाला टांगलेला;
आचऱ्याचा टॉवर तेवढ्याच गजाला ओळखतो.

काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची,
माझं नाव, यंत्राचं नाव,
की हैदराबादच्या गारठलेल्या खोलीतलं दार किलकिलं होतं.
मग गुप्त वाक्य. ते टाइप करताना काहीच उमटत नाही,
ठिपकेसुद्धा नाहीत.
आबा मागे चहा घेऊन उभा:
"बटणां दाबतंस, पन कायच दिसणा नाय?"
"दिसायचंच नसतं."
तो मान हलवतो. हे त्याला कळतं.

त्याचं खडप कुठे आहे, त्याने सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही.
देवळाचा कळस सगळ्यांना दिसतो,
टेकडीवरचा वाकडा सुरू सगळ्यांना दिसतो;
कशाला कशाच्या आड धरायचं
ते फक्त त्याच्या डोळ्यांत.
माझ्या दोन किल्ल्यांचं गणित
मला कॉलेजात नाही, होडीत समजलं.

मंगळवारच्या वाऱ्यात सुरू पडला.
आणि त्याच रात्री, ओळखीच्या दारातून
कुत्रं अंगावर यावं तशी पडद्यावर ताकीद:
हे यंत्र ते नव्हे. मध्ये कोणी उभं असेल.

जुनी नोंद खोडून पुढे जाता येतं.
दोन सेकंदांचं काम. सगळे करतात.
मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

पण आबा पायरीवर बसून
शिशाच्या गोळ्याच्या खळग्यात मेण दाबत होता.
"झाड नाय, तर तळाक इचारूचा.
रेती चिकाटली तर आपलां न्हय.
शिंपल्यांचो चुरो इलो, तर आपलां."

मी फोन लावला. रात्रपाळीचा यादगिरी जांभई देत म्हणाला,
दुपारी नवी सिस्टीम टाकली, सांगायचं राहिलं.
"मग ठसा वाच. सगळा."
त्रेचाळीस अक्षरं. मोठा के, लहान के, शून्य की ओ?
मी बोट ठेवत गेले.
तिसाव्याला वीज गेली.
पुन्हा पहिल्यापासून.

खाडीच्या तोंडाबाहेर एक बॅटरी थांबली,
जरा सरकली, थांबली.
दोरी सोडत असणार.

जुळलं. मी होकार लिहिला,
पूर्ण शब्द लागतो, नुसतं अक्षर चालत नाही.

उजाडल्यावर गोळा ओट्यावर पडलेला.
मेणात रेती. नुसती रेती.
आबा पाय धूत म्हणाला, "फाल्यां."