अर्धी फी

मी दारं वाजवायचो. सव्वीस वर्षं.
आम्लूखपासून होलीहेडपर्यंत,
हातात यादी, गळ्यात ओळखपत्र
आणि एकच प्रश्न :
घरात टीव्ही आहे का?

माणसं नाही म्हणायची,
आणि आतून बातम्यांची धून
दारापर्यंत यायची चहाडी करायला.
एकानं टीव्हीवर चादर टाकून
वर फर्नची कुंडी ठेवली होती.
चादरीखालून निवेदक बोलतच होता.
पोरं विचारायची, ती गाडी कुठंय,
भिंतीतून टीव्हीचा वास घेणारी?
मी म्हणायचो, पुढच्या गल्लीत.
ती गाडी मी स्वतः आतून कधी पाहिली नाही.

दुपारी दार उघडतात बायका.
पुरुष कामावर, नाहीतर पबमध्ये,
नाहीतर मुळातच नाहीत.
म्हणून कागदावर नाव बाईचं,
कोर्टात उभी बाई.
लीअन ब्रेथवेट, बर्कनहेडहून आलेली,
कडेवर पोर, पायात एकच मोजा.
म्हणाली, याला कार्टून लावून देते,
तीही दुसऱ्या कंपनीची.
मग तुमच्या त्या लोकांचे पगार मी का भरू?
माझ्यासारखं बोलणारी बाई
त्यांच्याकडे हसवायलाच येते,
नाहीतर खून होऊन पडायला.

याला उत्तर आमच्या पुस्तिकेत नव्हतं.
मी तिला सहीची जागा दाखवली.
पुढे दंड झाला. आठवड्याला पाच पाउंड.

तिथून चार दारं सोडून इदवल प्रिचर्ड.
पियानो जुळवणारा. जन्मांध.
आंधळ्याला अर्धी फी, असा नियम.
बस, म्हणाला, आणि मला समजाव,
सरकारनं नेमका कुठला अर्धा कापला?
रग्बीत मी हरतो तो पूर्णच.

हात टीव्हीच्या पाठीवर,
गाय तापली आहे का बघावं तसा.
आत कुणी तरी वेल्शमध्ये
उद्याच्या वाऱ्याबद्दल सांगत होतं.
माझ्या आईला, तो म्हणाला,
शाळेत या भाषेपायी कोपऱ्यात उभं केलं.
आता हीच भाषा मला छत्री घे म्हणते.
पण गिऱ्हाईकं मोज. किती निघतील?
कुठला व्यापारी मांडेल हे दुकान?

म्हणून ज्यांना ही भाषा येत नाही
त्यांनीही पैसे द्यायचे?
प्रश्न लीअनचा होता,
माझ्या तोंडून कसा निघाला कळलं नाही.

तो बराच वेळ गप्प.
हो, म्हणाला. लाज वाटते. पण हो.

आता पार्लमेंटात तोच वाद आहे.
कुणी म्हणतं, करातून द्या,
कुणी म्हणतं, जो बघेल तो भरेल,
कुणी म्हणतं, मधे साबण विका.
ज्या टीव्हीबद्दल भांडण,
त्याच टीव्हीवर ते दाखवतात.
माझा नातू सगळं फोनवर बघतो
आणि मला विचारतो, आजोबा,
तुम्ही खरंच हे काम करायचात?

मी त्याला एक संध्याकाळ सांगतो.
फेब्रुवारी, समुद्राकडून गारा.
यादीत नसताना इदवलच्या दारी गेलो,
का गेलो ते विचारू नका.
लीअनचं पोरगं आता सहा वर्षांचं,
आईची पाळी संपेपर्यंत
म्हाताऱ्याच्या पायाशी बसलेलं.
घरचा टीव्ही तिनं केव्हाच विकला होता.
निवेदक श्वास घ्यायला थांबला
की पोरगं सांगायचं :
लाल शर्टवाला पडला.
नाकातून रक्त. खूप नाही.
आता एक कुत्रा मैदानात आला.
कुत्र्याचं निवेदकानं काढलंच नाही,
आणि इदवल मात्र पोट धरून हसत होता.

पोरगं हे सगळं वेल्शमध्ये सांगत होतं.
बर्कनहेडचे हेल तसेच ठेवून.

नियमात बसतं का? बसतं.
फी घराची असते, डोळ्यांची नाही.
तरी मी यादी उघडली,
पेनचं टोपण काढलं,
आणि काय लिहायचं ते न सुचून
गारांत तसाच उभा राहिलो.
आतून कुणीतरी ओरडलं, दार लावा,
वारा येतोय.