पातळ रेघ

लघुलिपीत त आणि द यांची रेघ एकच.
हलकी ओढली तर त, दाबली तर द.
तेवीस वर्षं मी विधानसभेच्या मधल्या टेबलाशी
दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं लिहिते आहे,
आणि या हातानं 'तर'पेक्षा 'दर' जास्त लिहिलाय.
वीजदर. पाणीदर. भूखंड हस्तांतराचा दर.
तुमच्या काळात काय दर होता, ते सांगा आधी!
(अडथळा.) (गोंधळ.) (काही सदस्य हौद्यात उतरतात.)
हे कंस लिहायला मला मान वर करावी लागत नाही.

घर ठाण्यात. वागळे इस्टेटीत, रोड नंबर बावीसच्या मागे
नवऱ्याचा गाळा. दोन लेथ होते.
एक किलोच्या भावानं गेला,
दुसरा तीन वर्षं निळ्या ताडपत्रीखाली.
समोर कंपनी होती तिथं आता काचेची इमारत,
तिच्यात आमचं शटर दिसतं, अख्खं, गंजासकट.
नवरा दर सोमवारी जाऊन लेथला तेल देतो.
वीज तोडलेल्या यंत्राला तेल कशाला, असं मी विचारलं नाही.
तिथलं घरी बोलायचं नाही
आणि घरचं तिथं. नोकरीची रीत.

मग तो मंगळवार. विधेयक क्रमांक एकतीस:
बंद लघुउद्योग, थकबाकी, वगैरे.
सत्ताधारी बाकांवरून जनार्दन वैती, कोलशेतचे.
समोरून रेहाना मुकादम, राबोडीच्या.
गेल्या निवडणुकीत दोघांनी एकमेकांवर तीन तक्रारी केल्या,
त्यांचे आकडे, तारखा, 'बेशरम' हा काढून टाकलेला शब्द,
सगळं माझ्याच वहीत आहे.

वैती उठले. कागद खिशातच.
म्हणाले, माझ्याच सरकारचं विधेयक अर्धं आहे.
थकबाकी माफ कराल, पण मीटर परत कोण जोडणार?
उरलेलं अर्धं बाईंच्या दुरुस्तीत आहे. ती घ्या.
मागून कुणीतरी त्यांचा सदरा ओढला.
मुकादमबाई उठल्या, तर त्यांच्याच बाकांवरून:
बसा, श्रेय त्यांना जाईल!
जाऊ दे, त्या म्हणाल्या.
दंडव्याज बुडालेलंच आहे, अध्यक्ष महोदय,
बंद शटरकडून आजवर कुणी वसूल केलंय?
तर

आणि थांबल्या.

सवयीनं माझी पेन्सिल दाबायच्या बेतात होती.
बोट उचललं.
सभागृहात जे पसरलं त्याला आमच्याकडे कंस नाही.
(हशा) आहे, (बाके वाजवतात) आहे,
समोरचा पुढं काय म्हणेल म्हणून दोन्ही बाजू
खरंच ऐकतायत, याला काही नाही.

तर मत आम्ही देतो. मीटर तुम्ही जोडा.
सहा महिने स्थिर आकार नको.
भांडायला पुढचं अधिवेशन आहेच.

संध्याकाळी लिफ्टपाशी वैती म्हणत होते,
माझं वाक्य चोरलंत, बुडालेलंच आहे वालं.
त्या म्हणाल्या, टाइप तर माझ्या मुलीनं केलं.
नंतर कळलं, तीन रविवार
दोघं रोड नंबर सोळाच्या उडप्याकडे बसले होते.
बिल वेगवेगळं.

माझ्या मजकुरावर तपासनिसानं लाल शाईनं
त्या 'तर'चा 'दर' केला होता. संदर्भ बघून, म्हणाला.
मी वही उघडून रेघ दाखवली.
तो भिंगातून बघत राहिला, मग खोडलं.

आमच्या ओळीत अकरा गाळे.
दोन आधीच विकले होते. एकाचा मालक वारला,
मुलगा नको म्हणाला. वायरमन पंचवीस दिवस उशिरा आला
आणि चहापाण्याचं बोललाच.
पाच शटरं वर गेली.

नवऱ्यानं ताडपत्री घडी घालून ठेवली, टाकली नाही.
काल रात्री खिशातून एक लोखंडी कीस
जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला,
केसाएवढा, वळलेला, अजून तेलकट.
चाळीस बुशचं काम. दर पडेल लावलाय, म्हणाला.
पास किती झाले?
सदतीस.
तीन परत करायचेत.