जोड

बावीस वर्षं चपला करतोय सुभाषनगरात.
आमच्यात शिकवण एकच :
तळाला तळ लावून बघायचा,
केसाएवढा फरक दिसला तरी जोड मोडायचा.
गिऱ्हाइकाला करकर पायजे,
आणि ती दोन्ही पायांची सारखी.

तेजलच्या डाव्या पायाला पहिल्यांदा माप लावलं
तेव्हा पट्टी दोनदा पुसली.
दीड इंच.
सीपीआरच्या डॉक्टरनं आधीच सांगितलेलं,
पण हातानं मोजल्याबिगर आम्हाला कुठं पटतंय.

चार वर्षांची होईस्तोवर ती उंबऱ्यात बसायची.
गल्लीतली पोरं पळाली
की हिची नुसती मान पळायची.
घरात तिला कुणी रागवत नव्हतं.
कुणी भांडतही नव्हतं.
पाव्हणे हळू बोलायचे, जणू ती झोपलीय.

मुजावर बाई बालवाडीची यादी घेऊन आल्या.
मी म्हटलं, पाय जरा सुधरू दे, मग बघू.
"उंबऱ्यात बसून पाय सुधारतोय व्हय?"
म्हणाल्या, आणि नाव लिहूनच गेल्या.

पहिल्या दिवशी पायरी आडवी आली.
बाईंनी सुताराकडनं फळी आणून तिरकी टाकली.
आठवडाभर अख्खा वर्ग त्या फळीवरनं घसरत होता
आणि तेजलला वर चढायला
रांगेत थांबावं लागत होतं.
आयुष्यातली पहिली रांग तिची.

मग एकदा लंगडीचा खेळ निघाला.
तो शब्द आम्ही घरात पुरून टाकलेला.
मी फाटकापाशी, हातात तिचा विसरलेला डबा.
बाईंनी पोरांनाच विचारलं, तेजल कशी खेळंल?
एक शेंबडा म्हणाला,
"ती भिताड धरंल. आनि सगळ्यांनीच लंगडी घालायची."
झाला ठराव.
धापा टाकत, एकमेकांवर पडत
वर्ग सगळा एका पायावर,
आणि माझी पोरगी भिंतीला हात लावून,
जाड तळ आपटत,
चौघांना बाद करून आली.
डबा द्यायचा राहिलाच.

त्या संध्याकाळी रडत घरी.
"अफाननं माझा निळा खडू घेतला.
मीबी ढकलला त्याला."
बायको तरातरा निघाली बाईंकडं.
मी तिला हाताला धरून खाली बसवली.
अगं, भांडून आलीय ती.
भांडून.

परवा तोच अफान बापाला ओढत दुकानात.
"मलाबी तिच्यासारखी. एक जाड, एक बारीक."
बाप ओशाळला.
मी पोराचं माप घेतलं, दोन्ही पाय सारखे निघाले.
त्याला ते काही केल्या पटंना.

रात्री तेजलची जुनी चप्पल उलटी केली.
आधीची दोन वर्षं नवीच राहिलेली,
ही सहा महिन्यांत गेली.
डाव्या टाचेला खडूची भुकटी,
अंगठ्याशी भोक पडायला आलेलं.
इतकं झिजलेलं कातडं हातात घेऊन
मी पहिल्यांदाच हसलो असंन.

नवे तळ कापले. एक पातळ, एक दीड इंच जाड.
तळाला तळ लावून बघितला, सवयीनं.
मग एकाच वादीत दोन्ही ओवून
जोड खुंटीला टांगला.